जुन्या सर्व्हरची बदली आणि एक राहिलेली कबुली

(दहावी २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं, "प्रत्येकाने आपल्या कामातलं पंधरा मिनिटं काहीतरी सांगा, उपयोगाचं सांगा." सकाळपासून हृदयाचं आरोग्य झालं, संत्र्याच्या बागेवरचे रोग झाले, मुलांचं करिअर झालं. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे आणि विषय आहे सर्व्हर. म्हणजे झोप येण्याची पूर्ण सोय झालेली आहे. मागच्या बाकावरच्यांनी खुशाल डोळे मिटावेत, ते तेव्हाही मिटतच होते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील एमआयडीसीत कामाला होते. सकाळी सायकलींची रांग कारखान्यांकडे जायची आणि आपण दप्तर घेऊन शाळेकडे. शाळेत एकच संगणक होता, मुख्याध्यापकांच्या खोलीत, कापडी आवरणाखाली. चपला बाहेर काढून आत जायचं आणि लांबून बघायचं. मी त्याच्या इतका प्रेमात पडलो की डिप्लोमा केला, दोन-तीन ठिकाणी नोकरी केली आणि २००६ पासून बुटीबोरीतल्या छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यांची माणसं असतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पंधरा-वीस संगणकांची, चाळीस-पन्नास कामगारांची.

त्यातलाच एक कारखाना आपल्या एका वर्गमित्राचा आहे. तो आज इथे बसला आहे. त्याच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र घेत नाही. लोखंडी सुटे भाग बनवतो. ४६ कामगार, १४ संगणक, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काय, तर असं कपाट, ज्यात सगळ्यांच्या फायली असतात आणि किल्ली ज्याला जेवढी दिली तेवढीच असते. टॅली तिथे, ड्रॉइंग तिथे, मालाचा हिशोब तिथे, हजेरी आणि पगार तिथे. हा सर्व्हर मी २०११ साली बसवला होता, विंडोज सर्व्हर २००८ आर-२. ऑफिसातली पोरं त्याला 'आजोबा' म्हणत.

मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. मला तारीख माहीत होती. मित्राला सांगितलंही होतं. पण मार्चमध्ये लॉकडाऊन आलं, मग ऑर्डरी आटल्या, मग ऑर्डरी आल्या तर वेळ आटला. "चालून राह्यलं ना? मग राहू दे ना बाप्पा," असं तो म्हणायचा आणि मी मान डोलवायचो.

३ मे २०२३, बुधवार. बाहेर आपल्याकडचा मे महिना. एप्रिलचा पगार काढायचा होता. तेव्हाच्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असले तर सात तारखेच्या आत पगार द्यावा लागे, आणि सात तारखेला रविवार होता. म्हणजे हातात तीन दिवस. सकाळी फोन आला, "आजोबा खाकरून राह्यले." डिस्कमधून खर्र खर्र आवाज येत होता आणि पगाराचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं.

मी निवांत होतो. त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, आरशासारख्या. एकीवर जे लिहिलं जातं ते आपोआप दुसरीवर. एक गेली तरी दुसरी असते. मी समोर जाऊन बसलो. सर्व्हरच्या तोंडावर झेंडूची वाळलेली माळ लटकत होती, आदल्या खंडेनवमीची. माळ बाजूला केली, तर मागे लाल दिवा. दुसरी डिस्क कधीच गेलेली होती. ती गेली तेव्हा दिवा लागला होता आणि तो फुलांमागे होता. पूजा त्यांनी केली, पण माळेमागे बघण्याचं काम माझं होतं. दर महिन्याला मी तिथे जायचो, चहा प्यायचो, 'सर्व ठीक' असं वहीत लिहून सही करायचो.

तरीही बॅकअप होता ना! रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायची, आणि 'कॉपी पूर्ण' असा संदेशही यायचा. ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. ड्रॉइंग होती, पत्रं होती. पगाराचा आणि मालाचा डेटाबेस नव्हता. कारण सरळ आहे. डेटाबेसची फाइल सतत उघडी असते आणि उघडी फाइल साध्या कॉपीत घेता येत नाही. ती रोज वगळली जात होती आणि वगळल्याची नोंद ज्या यादीत होत होती, ती मी कधी उघडली नव्हती. मी स्वतः काढलेली शेवटची नीट प्रत वर्षाहून जुनी निघाली.

त्या रात्री उरलेली डिस्क दुसऱ्या नव्या डिस्कवर हळूहळू उतरवत बसलो. ती तापू नये म्हणून समोर टेबलफॅन लावला. मित्र शेजारी खुर्ची टाकून बसला होता. आम्ही काही बोललो नाही. सकाळपर्यंत बरंचसं आलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची हजेरी आली नाही, तेवढा भाग खराब झाला होता.

ती हजेरी मिळाली गेटवरच्या चौकीदाराकडे. बोटाचा ठसा घेणारं मशीन बसवून सहा वर्षं झाली होती, तरी हा गृहस्थ रोज आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ जाड रजिस्टरमध्ये लिहीत होता. त्याला कोणी बंद कर म्हटलं नव्हतं, म्हणून त्याने बंद केलं नव्हतं. त्या रजिस्टरवरून आम्ही ४६ जणांची हजेरी भरली. शनिवारी संध्याकाळी पगार झाले. आपल्या वर्गशिक्षिका बाई लाल आणि निळ्या शाईने हजेरीपट भरायच्या, तो मला त्या दिवशी आठवला.

उतरवलेल्या डिस्कवर आजोबा तात्पुरते चालू झाले आणि आम्ही ठरवलं, आता बदली करायचीच, पण घाईने नाही. सात आठवडे घेतले. ते कसे घेतले हे सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाचं हॉस्पिटल आहे, कोणाचं मेडिकल, कोणाची शिकवणी, कोणाचं सीएचं ऑफिस. सर्व्हर नसेल, एकच संगणक असेल, तरी रीत तीच आहे.

पहिलं काम यादी. सर्व्हरवर काय काय चालतं आणि कोण कोण वापरतं. मी एकट्याने यादी केली तेव्हा ती अकरा ओळींची होती. मग प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "तुम्ही सकाळी आल्यावर पहिलं काय उघडता?" यादी एकोणीस ओळींची झाली. विसावी ओळ चौकीदाराने दिली. वजनकाट्यावरचा जुना संगणक गेटपासची नोंद सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये टाकत होता आणि हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. ते विसरलो असतो तर नवीन सर्व्हर सुरू झाल्याच्या पहिल्याच सकाळी गेटवर ट्रक अडले असते.

दुसरं काम लायसन्स. इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर दोन भागांत विकत घ्यावं लागतं. एक सर्व्हरचं स्वतःचं. ते प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं. आमच्या नव्या यंत्राला आठच कोअर होते, तरी पैसे सोळाचे. एसटीत अर्ध्या सीटवर बसलात तरी तिकीट पूर्ण. दुसरा भाग म्हणजे वापरणाऱ्यांचे परवाने, ज्यांना 'कॅल' म्हणतात. ते माणसामागे घेता येतात किंवा यंत्रामागे. वाचनालयाचं कार्ड वाचकाच्या नावाने काढायचं की खुर्चीच्या नावाने, असा तो प्रश्न आहे. आमच्याकडे दोन पाळ्यांत मिळून २२ माणसं १४ संगणकांवर बसत होती. म्हणून यंत्रामागे १४ घेतले. एकच माणूस संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल तिन्हींवरून काम करत असेल, तर उलट माणसामागे घेणं स्वस्त पडतं. जुन्या आवृत्तीचे कॅल नव्या सर्व्हरला चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

यातून सुटण्याचा एक मार्ग होता. 'इसेन्शियल्स' नावाची छोटी आवृत्ती यंत्रासोबत मिळते, २५ वापरणाऱ्यांपर्यंत कॅल लागतच नाहीत. पण मित्राची नवी शेड उभी राहत होती आणि वर्षभरात आकडा पंचवीसच्या पुढे जाणार हे दिसत होतं. म्हणून २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती घेतली. तिच्यात एकाच यंत्रावर दोन आभासी सर्व्हर चालवता येतात. एकावर फायली आणि लॉगिन, दुसऱ्यावर टॅली आणि डेटाबेस. एक बिघडला तर दुसरा थांबत नाही.

मित्राला घरून, नागपुरातून, सर्व्हरवर बसून काम करायचं होतं. सर्व्हरला बाहेरून जोडण्याच्या दोन जागा असतात, पण त्या देखभालीसाठी. रोजच्या कामाला त्या वापरायच्या नसतात, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. एका माणसापुरता तो घेतला. डेटाबेससाठी मात्र एक रुपयाही लागला नाही. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट असते आणि तेव्हा तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. आमचा सहा जीबीचा होता. मोजून बघितलं नसतं तर कोणीतरी मोठी आवृत्ती गळ्यात मारली असती.

टॅलीचं वेगळं. टॅलीचं लायसन्स त्या त्या यंत्राला बांधलेलं असतं. जुन्यावरून ते आधी 'सरेंडर' करायचं आणि मग नव्यावर चालू करायचं. आधी जुनं यंत्र भंगारात आणि मग लायसन्सची आठवण, असा क्रम बऱ्याच जणांचा होतो. शिवाय मित्राची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. जुन्या टॅलीत ती सोय नव्हती, म्हणून तीही बदलली. आणि जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणून जुनी वर्षं टाकून द्यायची नाहीत, सोबत न्यायची.

"क्लाउडवर का नाही नेलं?" असं मला आजच दोघांनी विचारलं. ई-मेल आधीच तिकडे होता, तो तिकडेच ठेवला. पण ड्रॉइंगच्या फायली जड असतात आणि रस्ता खोदला की आमचं इंटरनेट जातं. इंटरनेट गेलं म्हणून लेथ थांबलेलं कोणाला परवडेल? एका दुसऱ्या छोट्या वर्कशॉपला मी लिनक्सचा सर्व्हर दिला आहे. त्यांना फक्त फायली ठेवायच्या होत्या, परवान्यांचा खर्च शून्य, छान चाललं आहे. प्रत्येकाची गरज मोजावी, दुसऱ्याचं बघून घेऊ नये.

आता ती कबुली.

लायसन्सची यादी करताना मी चार रकाने आखले होते: सॉफ्टवेअर, आवृत्ती, किती जणांसाठी, आणि खरेदीचा कागद. सगळ्या ओळी भरल्या. आजोबांच्या ओळीतला चौथा रकाना रिकामा राहिला. मित्र म्हणाला, "तुझ्याकडेच असंन बिल, बघ ना जरा."

बिल माझ्याकडे नव्हतं, कारण ते कधी झालंच नव्हतं. २०११ साली मी सव्वीस वर्षांचा होतो. काम हातचं जाऊ नये म्हणून भाव खाली केला आणि सर्व्हरचं सॉफ्टवेअर एका ओळखीच्याकडच्या सीडीवरून टाकलं. त्याने तेव्हा विचारलं होतं, "हे ओरिजिनल आहे ना?" मी म्हणालो होतो, "हो हो, टेन्शन नको घेऊ." अपडेट मी मुद्दाम बंद ठेवले होते, नक्कल उघडी पडेल म्हणून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, ज्या संगणकांवर मार्चचा अपडेट नव्हता ते धडाधड बंद पडले. तेव्हा मी चार दिवस त्याच्या सर्व्हरची इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि त्याला सांगितलं, "लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे." बारा वर्षं तो ज्या सॉफ्टवेअरवर धंदा करत होता ते चोरीचं होतं आणि त्याला माहीत नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून अशी नक्कल वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. जाणूनबुजून बसवणारा मी होतो. पण उद्या तपासणी आली असती तर दारात पाटी त्याची होती.

मी सांगितलं. सगळं, वायरीसकट.

तो बराच वेळ यादीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दहावीत तू मले गणिताचा गृहपाठ उतरवू देत नव्हता बे. म्हणे, सर ओळखतात." एवढंच. उठून शॉपफ्लोरवर गेला. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, "नवीन सर्व्हरचं कोटेशन पाठव. चारही रकाने भरून." परवान्यांचा आकडा यंत्राच्या किमतीच्या जवळपास निम्मा झाला. त्याने तो भरला. सात आठवड्यांची मजुरी मी घेतली नाही आणि त्यानेही आग्रह केला नाही. ते बरोबरच होतं.

गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, उत्तर बरोबर आलं तरी रीत नसेल तर मार्क नाहीत. बारा वर्षं माझं उत्तर बरोबर दिसत होतं.

तिसरं काम रंगीत तालीम. स्नेहसंमेलनाच्या नाटकात पडदा अर्ध्यावर अडकला होता, आठवतं? कारण तालीम पडद्याशिवाय झाली होती. १० आणि ११ जूनला आम्ही नवीन सर्व्हरवर जुना सगळा डेटा टाकून बघितला, आणि ऑफिसातल्या तिघांना बसवून मे महिन्याचा पगार पुन्हा काढायला लावला. आकडा रुपया-पैशात जुळला. मालाचा अहवाल मात्र छापला जाईना, प्रिंटरचा जुना ड्रायव्हर नवीन सर्व्हर घेत नव्हता. तालमीत कळलं म्हणून दोन आठवडे मिळाले.

चौथं काम प्रत्यक्ष बदली. २४ जूनच्या शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढलं, टॅली सरेंडर केली, शेवटची प्रत घेतली. एक वेळ आधीच कागदावर लिहून ठेवली होती: रविवारी रात्री आठ. तोवर यादीतल्या वीसच्या वीस ओळींवर खूण झाली नाही, तर काही न बोलता परत आजोबांवर जायचं. परतीचा रस्ता आधी ठरवलेला असला की माणूस रात्री दोन वाजता वेडेपणा करत नाही. रविवारी दुपारी चारला विसावी खूण झाली, वजनकाट्याची. ती चौकीदाराने स्वतः केली. आजोबा महिनाभर बंद करून तसेच ठेवले, काही राहिलं तर काढता यावं म्हणून. मग त्यांच्या डिस्क पुसून निरोप दिला.

आणि शेवटचं, बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची दुसऱ्या जागची प्रत मित्राच्या नागपूरच्या घरी असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून बघतो आणि वहीत त्या फाइलचं नाव लिहितो. 'सर्व ठीक' असं लिहिणं मी बंद केलं आहे. खंडेनवमीला माळ आता सर्व्हरच्या डोक्यावर घालतो, तोंडावर नाही. चौकीदाराचं रजिस्टर चालूच आहे. ते बंद करायची कोणाची हिंमत नाही.

तुमच्यासाठी दोन तारखा सांगून थांबतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या दवाखान्यात, दुकानात तो असणारच. विंडोज सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. घाबरू नका, पण चार रकान्यांची यादी या आठवड्यात करा. चौथा रकाना रिकामा राहिला तर ज्याने बसवलं त्याला विचारा, आणि तो "टेन्शन नको घेऊ" म्हणाला तर नक्की घ्या.

शाळेच्या ऑफिसातले संगणक तपासून द्यायचं मी मुख्याध्यापकांना आजच कबूल केलं आहे. आपल्या सगळ्यांचे दाखले, निकाल तिथे आहेत. मजुरी नाही. चपला बाहेर काढून आत जाईन.

मागच्या बाकावरच्यांना उठवा, चहा आला आहे.